नागपूरच्या उन्हात ‘डी’ कमी कसं?

१. रिपोर्ट हातात पडल्यावर

‘इथं उन्हाला काय तोटा आहे? मग माझं ‘डी’ कमी कसं?’ लिव्हरच्या दुखण्यासाठी मेडिकलच्या, मेयोच्या किंवा एखाद्या खासगी दवाखान्याच्या फेऱ्या मारणाऱ्या नागपूरकराच्या हातात रक्ताचा रिपोर्ट पडला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात या शहरात पारा ४५ अंशांच्या वर जातो, नवतपात दुपारी रस्ते ओस पडतात. अशा गावात उन्हातून मिळणारं जीवनसत्त्व कमी पडावं हे मनाला पटत नाही. त्याला जोडून दुसरा प्रश्न घरची मंडळी विचारतात : दुखणं लिव्हरचं, मग डॉक्टरांनी हाडांची औषधं का लिहून दिली?

यकृताचा दीर्घकाळचा आजार असलेल्यांत ही कमतरता अपवाद नाही, जवळजवळ नियमच आहे. २०१० साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या डॉक्टरांनी अशा ११८ रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा १०९ जणांत ‘डी’ कमी निघालं. किमान एक तृतीयांश रुग्णांत तर ते अगदी तळाला गेलं होतं. मेम्फिस आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला आहे, हे खरं. पण दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २००० साली धडधाकट माणसांची पाहणी प्रसिद्ध केली होती. तिच्यात दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या जवानांपेक्षा रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांची आणि परिचारिकांची पातळी कितीतरी खाली होती. गावात ऊन असणं आणि ते अंगावर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यकृताच्या रुग्णाच्या बाबतीत त्यात तिसरीही गोष्ट येते, आणि ती समजायची तर ‘डी’चा शरीरातला प्रवास पाहावा लागतो.

२. शेत, जिनिंग आणि गिरणी

आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी ‘बी’ जातीचे किरण त्याच्यावर पडले की त्याची रचना बदलते आणि पुढे अंगाच्याच उबेने त्याचं ‘डी-३’ होतं. पण हे ‘डी-३’ जसंच्या तसं शरीराच्या उपयोगाचं नाही.

विदर्भातल्या वाचकाला हे कापसावरून लगेच कळेल. वेचलेला कापूस आधी जिनिंगला जातो, सरकी निघते, रुईच्या गाठी बांधून गोदामात रचल्या जातात. मग गिरणीला लागेल तशी गाठ फोडायची आणि सूत काढून कापड विणायचं. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल नागपुरात काढली, ती कापूस इथंच भोवताली पिकत होता म्हणून. ‘डी’च्या बाबतीत कातडी हे शेत, यकृत हे जिनिंग आणि मूत्रपिंड ही गिरणी.

यकृत ‘डी-३’च्या रेणूवर एका ठरावीक जागी ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी बसवतं. त्यातून तयार होणाऱ्या पदार्थाला ‘२५-हायड्रॉक्सी’ म्हणतात. या रुईच्या गाठी झाल्या. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हेक्टर डिलुका यांच्या गटाने हा पदार्थ ओळखला. रक्तात तो दोन-तीन आठवडे टिकतो, म्हणून साठा किती आहे हे बघायचं तर तोच मोजतात. पुढे मूत्रपिंड गरजेपुरत्या गाठी घेतं, दुसरी एक जोडी बसवतं आणि खरं कामाचं रूप तयार करतं. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात ओढून घ्यायला हे शेवटचं रूप लागतं. ते रक्तात काही तासच टिकतं.

आणखी एक गोष्ट राहिली. ‘डी’ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तातून फिरायला त्याला वाहन लागतं. एक खास प्रथिन हे काम करतं, थोडा भार अल्ब्युमिनही उचलतं. ही दोन्ही प्रथिनं यकृतातच बनतात. म्हणजे जिनिंगही यकृताचं आणि गाड्याही यकृताच्याच.

३. नेमकं कुठं अडतं

यकृत बिघडलं म्हणजे पहिली पायरी बंद पडली आणि ‘डी’ संपलं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात हे जिनिंग फार चिवट आहे. यकृताचा मोठा भाग निकामी झाला तरी हे रूपांतर बऱ्यापैकी चालू राहतं. सिरॉसिस, म्हणजे यकृत आतून वळाने भरून निबर होणं, अगदी शेवटच्या टप्प्यावर पोचतो तेव्हाच ते खऱ्या अर्थाने ढेपाळतं. मग सुरुवातीच्या आजारातही ‘डी’ कमी का दिसतं? कारण अडचणी इतरही आहेत.

एक अडचण पित्ताची. ‘डी’ चरबीत विरघळणारं आहे. अन्नातलं किंवा गोळीतलं ‘डी’ आतड्यातून आत घ्यायला पित्तातले क्षार लागतात. पित्तनलिका अडल्या किंवा पित्त वाहणंच मंदावलं, तर तूप-तेल जसं न पचता बाहेर पडतं तसं ‘डी’ही निघून जातं. जन्मतः पित्तमार्ग बंद असलेल्या बाळांत याचं सगळ्यात वाईट रूप दिसतं. त्यांना मुडदूस लवकर होतो आणि नेहमीचे थेंब पुरत नाहीत.

दुसरी वजनाची. हल्ली यकृताच्या आजारात फॅटी लिव्हरचा वाटा मोठा आहे. अंगावर चरबी जास्त असली की ‘डी’ त्या चरबीत जाऊन बसतं आणि रक्तात कमी उरतं. अशा माणसाला त्याच्या सडपातळ शेजाऱ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मात्रा लागू शकते. दारूने यकृत बिघडलेल्यांची गोष्ट उलटी असते. तिथं जेवणच तुटलेलं असतं, अंगावरचं मांस झडलेलं असतं. काही रुग्णांना स्टेरॉइड घ्यावी लागतात, ती हाडांना वेगळी पोखरतात.

विदर्भात सिकलसेलचाही विचार करावा लागतो. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरहून ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली, तेव्हापासून हा आजार इथल्या डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीचा आहे. या रुग्णांची हाडं आधीच दुखावलेली असतात, पित्ताशयात खडे होतात, यकृतालाही झळ लागते, आणि ‘डी’ची कमतरता त्यांच्यात सर्रास आढळते.

पण मला सगळ्यात जास्त खटकते ती घरातली अडचण. कावीळ म्हटली की आपल्याकडे तेल-तूप बंद, हळद बंद, डाळ बंद, दूध-अंडी बंद. उसाचा रस आणि उकडलेलं काहीतरी एवढ्यावर माणूस ठेवायचा, त्याला अंधाऱ्या खोलीत झोपवायचं, गळ्यात माळ घालायची, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पिवळं पाणी ‘उतरवायचं’. चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होणारी साधी कावीळ असेल तर तो यातून निभावून जातो. वर्षानुवर्षांचा सिरॉसिस असेल तर हेच पथ्य त्याच्या स्नायूंचा आणि हाडांचा घास घेतं. ऊन नाही, स्निग्ध पदार्थ नाहीत, प्रथिनं नाहीत. प्रेमापोटी केलेल्या या उपासमारीचं नुकसान मोठं आहे.

४. रिपोर्टवरचे आकडे

‘२५-हायड्रॉक्सी’चा आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये येतो. साधारणपणे २० च्या खाली कमतरता, २० ते ३० मध्ये अपुरं आणि ३० च्या वर पुरेसं धरतात. रिपोर्टवर ‘१, २५’ असं लिहिलेली चाचणी झाली असेल तर ती वेगळी आहे. ती गिरणीतून निघालेलं कापड मोजते. गोदाम रिकामं होत आलं तरी शरीर जोर लावून तेवढं कापड काढतं, त्यामुळे ही पातळी चांगली दिसून फसगत होऊ शकते.

यकृताच्या रुग्णाचा आकडा वाचताना मात्र गाड्यांचा हिशेब करावा लागतो. समजा, एका रुग्णाचं ‘डी’ १४ आलं आणि अल्ब्युमिन २.४. निरोगी माणसात अल्ब्युमिन ३.५ च्या वर असतं. चाचणी गाड्यांवर लादलेला मालही मोजते, आणि इथं गाड्याच कमी झाल्या आहेत. मोकळं, पेशींना मिळणारं ‘डी’ १४ या आकड्यावरून वाटतं तितकं कमी नसूही शकतं. म्हणून डॉक्टर एकट्या आकड्यावर न थांबता कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि गरज पडल्यास पॅराथायरॉइडचं संप्रेरक पाहतात.

कॅल्शियमचाही असाच हिशेब आहे. ते बरंचसं अल्ब्युमिनला चिकटून फिरतं. याच रुग्णाचं कॅल्शियम ७.९ आलं तर घरचे घाबरतील. ढोबळ सूत्र असं : अल्ब्युमिन ४ पेक्षा जेवढं कमी, तेवढ्याला ०.८ ने गुणायचं आणि कॅल्शियममध्ये मिळवायचं. ४ वजा २.४ म्हणजे १.६. त्याला ०.८ ने गुणलं की १.२८. ७.९ मध्ये मिळवले की झाले जवळपास ९.२. म्हणजे ठीकच. शंका राहिली तर मोकळं कॅल्शियम वेगळं मोजता येतं.

५. हाडं, आणि त्याआधी मांड्या

कॅल्शियम आत येईना की रक्तातली पातळी टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून काढतं. वर्षं गेली की हाडं विरळ होतात. यकृताच्या जुन्या आजारात हे नेहमीपेक्षा लवकर होतं, कारण आजार स्वतःही नवं हाड बनण्याचा वेग कमी करतो. मणका दबतो, पाठ दुखते, उंची बोटभर कमी होते आणि घरात ‘आता वय झालं’ म्हणून ते सोडून दिलं जातं. यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असलेल्यांच्या हाडांची घनता म्हणूनच आधी तपासतात. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत औषधांमुळे हाड आणखी झिजतं.

त्याहून आधी दिसतं ते स्नायूंत. ‘डी’ फार कमी झालं की खांदे आणि मांड्या अशक्त होतात. घरी बघायची खूण सोपी आहे. पंगतीत मांडी घालून जेवायला बसलेला माणूस उठताना काय करतो ते पाहा. आधी एक हात जमिनीवर, मग दुसरा गुडघ्यावर, मग शेजारच्याचा खांदा किंवा भिंत धरून तो उभा राहत असेल, आणि सहा महिन्यांपूर्वी असं नव्हतं, तर हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. पोटात पाणी झाल्यामुळेही उठणं जड जातं, पण पाणी काढल्यावरही मांड्या साथ देत नसतील तर कारण वेगळं आहे. असा माणूस न्हाणीघरात पडला की हाड मोडतं, आणि रक्त गोठायला वेळ लागणाऱ्या रुग्णाची शस्त्रक्रिया सोपी नसते.

६. ऊन कधीचं?

‘सकाळचं कोवळं ऊन घ्या’ हा सल्ला आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. कोवळं ऊन सुखाचं असतं, पण ‘डी’साठी ते फार उपयोगाचं नाही. सूर्य खाली असताना किरणांना हवेचा जाड थर पार करावा लागतो आणि ‘बी’ किरण त्यातच गळून जातात. तिरुपतीला हरिनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कातडीतल्या त्या मूळ पदार्थाच्या कुप्या दिवसभर उन्हात ठेवून पाहिल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात रूपांतर प्रामुख्याने सकाळी ११ ते दुपारी २ या वेळात झालं होतं.

मग नागपुरातल्या रुग्णाने भर दुपारी मेमध्ये गच्चीवर बसायचं का? मुळीच नाही. सिरॉसिसच्या रुग्णाला लघवी वाढवणारी औषधं चालू असतात. त्यात घामाने अंगातलं पाणी आटलं तर मूत्रपिंड बंद पडू शकतं, शुद्ध हरपू शकते. इथं एक जुनी युक्ती कामाला येते : आपली सावली पाहायची. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ते ऊन ‘डी’च्या कामाचं.

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला इथं सूर्य माथ्यावर येतो तेव्हाही क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो. त्या दिवशी भर मध्यान्ही, म्हणजे सव्वाबाराच्या आसपास, पाच फूट सहा इंचांच्या माणसाची सावली सुमारे पाच फूट पाच इंच पडते. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत साडेअकरा ते एकचंच ऊन घ्यायचं, आणि तेव्हा ते सुखाचंही असतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पावणेदहालाच सावली उंचीपेक्षा आखूड होते. मेच्या अखेरीस, जेव्हा दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते, तेव्हा सकाळी नऊलाच उपयोगाचं ऊन सुरू झालेलं असतं. त्यामुळे उन्हाळ्यात नऊ-सव्वानऊला पंधरा-वीस मिनिटं, हात, पाय आणि पाठ उघडी ठेवून, पाणी पिऊन, जवळ कोणीतरी असताना बसावं. चेहरा झाकला तरी चालेल. सावळ्या कातडीला थोडा जास्त वेळ लागतो. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन धरू नये, काच ‘बी’ किरण अडवते.

नागपुरात ऊन असून ‘डी’ नाही याचं उत्तर याच हिशेबात आहे. ‘डी’ देणारं ऊन उन्हाळ्यात माणूस खस आणि कूलरच्या आड घालवतो. बाहेर पडलाच तर दुपट्टा, सनकोट आणि हातमोजे घालून. हिवाळ्यात तो कोवळ्या उन्हात बसतो आणि बाराला आत जातो. पावसाळ्यात ढग. पुण्यात एका वस्तीतल्या चिमुकल्यांची पाहणी झाली तेव्हाही हेच दिसलं : दिवसा बाहेर खेळणाऱ्या मुलांपेक्षा पाळणाघरात आत राहणाऱ्यांचं ‘डी’ बरंच कमी होतं.

७. ताटातून किती मिळेल?

थोडं. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला रोज ६०० युनिट सांगितले आहेत. अंड्याच्या एका बलकात सुमारे ४० युनिट. निळ्या ‘+एफ’ चिन्हाच्या, म्हणजे जीवनसत्त्व मिसळलेल्या दुधात लिटरला २०० ते ३००, तेव्हा अर्धा लिटर दुधातून १०० ते १५०. त्याच चिन्हाच्या तेलातून २० ग्रॅमला साधारण १००, फोडणीच्या आचेत थोडं घटूनच. सगळं मिळून तीनशेच्या आत. भाजी-भाकरीत ‘डी’ जवळजवळ नाहीच.

तरीही जेवण सांभाळायचं ते वेगळ्या कारणासाठी. सिरॉसिसच्या रुग्णाला निरोगी माणसापेक्षा जास्त प्रथिनं लागतात, वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज ७२ ते ९० ग्रॅम. तुरीचं घट्ट वरण, दही, अंडी, झुणका, दूध हे सगळं चालतं, आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडं खाणं फार गरजेचं आहे, कारण बिघडलेलं यकृत रात्रभराचा उपास सोसत नाही. पोटात पाणी असेल तर मीठ जपायचं : पापड, लोणचं, खारवलेल्या मिरच्या बाजूला ठेवायच्या.

८. ‘डी’ने लिव्हर सुधारतं का?

‘डी’ कमी असलेल्या रुग्णांचा आजार अधिक पुढे गेलेला असतो, त्यांच्यात जंतुसंसर्ग आणि मृत्यूही जास्त दिसतात, असं अनेक अभ्यासांत आढळलं. त्यावरून ‘डी’ दिलं की यकृत बरं होईल अशी आशा निर्माण झाली. पण आजार वाढला म्हणून ‘डी’ घटलं, की ‘डी’ घटलं म्हणून आजार वाढला, हे नुसत्या मोजमापातून कळत नाही. ते कळायला काहींना ‘डी’ आणि काहींना बिनऔषधी गोळी देऊन तुलना करावी लागते. अशा चाचण्या एकत्र करून कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांनी पाहिलं, तेव्हा यकृताच्या रुग्णांचं आयुष्य ‘डी’ने वाढतं याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही.

माझं मत स्पष्ट आहे : ‘डी’ भरून काढावं, हाडांसाठी आणि मांड्यांसाठी. यकृताच्या युरोपीय तज्ज्ञ संघटनेचा सल्लाही असाच आहे. २० च्या खाली असेल तर तोंडाने औषध देऊन ३० च्या वर न्यावं. पण ‘डी’ चालू आहे म्हणून दारू सोडण्यात, वजन उतरवण्यात किंवा हिपॅटायटिस बी-सीच्या औषधात ढिलाई करू नये.

९. साठ हजारांची पुडी

औषधाच्या दुकानात ‘डी-३’ची दाणेदार पुडी किंवा मऊ गोळी मिळते, तिच्यावर ६०,००० युनिट लिहिलेलं असतं. आकडा दचकवणारा, पण ४० युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम, तेव्हा ६०,००० म्हणजे दीड मिलिग्रॅम. पुडीतल्या दाण्यांत बाकी सगळी साखर आणि इतर भर. मधुमेह असेल तर गोळी मागून घ्यावी. सहसा आठवड्याला एक, अशा आठ आठवडे आणि मग महिन्याला एक असं लिहून देतात. जेवणानंतर, दुधासोबत घेतली तर बरी मुरते. रिकाम्या पोटी नको.

चूक होते ती इथं. बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात, म्हणून हीही रोज घेतली जाते. आठवड्याला एक घेतली तर चार आठवड्यांत २ लाख ४० हजार युनिट जातात. रोज घेतली तर तेवढ्याच दिवसांत १६ लाख ८० हजार. अशाने रक्तातलं कॅल्शियम चढतं : तहान, उलट्या, बद्धकोष्ठता, सुस्ती, बरळणं. सिरॉसिसच्या रुग्णात हीच लक्षणं यकृतामुळे मेंदूवर परिणाम झाल्यासारखी दिसतात आणि कारण लपून राहतं. यावर घरगुती उपाय एकच : पुडीवर वार लिहून ठेवायचा, रविवार तर रविवार, आणि रिकामी पुडी पुढच्या रविवारपर्यंत फेकायची नाही.

सहा लाखांचं इंजेक्शन मागणारेही पुष्कळ असतात. प्लेटलेट कमी आणि रक्त गोठायला उशीर अशा रुग्णाच्या दंडात किंवा कमरेत सुई टोचली तर आत रक्त साकळतं. एकदम एवढी मात्रा दिल्यावर ती परतही घेता येत नाही.

तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करायची. आकडा वर गेला नसेल तर मात्रा वाढवण्याआधी काही गोष्टी पाहाव्या लागतात. औषध खरंच घेतलं का? वजन जास्त आहे का? शौच पांढुरकं, चिकट होतं का, लघवी गडद आणि अंगाला खाज आहे का? तसं असेल तर पित्त अडलं आहे आणि पुडीतलं ‘डी’ आतड्यातूनच परत जातं आहे. अशा रुग्णाला कॅल्सिफेडिऑल देता येतं. जिनिंग आधीच झालेलं हे ‘२५-हायड्रॉक्सी’ रूप कमी पित्तातही बऱ्यापैकी शोषलं जातं. शौचाचा रंग दवाखान्यात सांगायला रुग्णाला संकोच वाटतो, म्हणून सोबत येणाऱ्या माणसाने तो आधी विचारून ठेवावा आणि डॉक्टरांना सांगावा.